भुरीसर

वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक निवृत्त झाला की तीनपैकी एक काहीतरी होतो. एक तर तो गुळवेलीच्या नादी लागतो आणि सोसायटीतल्या मधुमेह्यांना काढे पाजत सुटतो. नाहीतर बोन्साय करायला लागतो आणि वडासारख्या वडाला ताटलीत बसवतो. या दोन्ही जाती निरुपद्रवी आहेत. तिसरी जात दुसऱ्यांच्या झाडांवरचे रोग बघत गावभर हिंडणाऱ्यांची. नाशिकसारख्या गावात, जिथे ज्याच्या त्याच्या घरात द्राक्षबागेचा विषय निघतोच, तिथे या जातीला बरे दिवस असतात. आमच्या कॉलनीतले सर या तिसऱ्या जातीचे, आणि त्यातही सगळे रोग सोडून एकच धरून बसलेले. करपा, तांबेरा, मर असल्या गोष्टींकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. त्यांना फक्त भुरी लागते. पानावर पांढरी पिठी पसरते ना, ती. सरांना आडनाव आहे. ते लाइटबिलावर आणि पेन्शनच्या कागदांवर छापून येतं. बाकी दूधवाल्यापासून कुरियरवाल्यापर्यंत सगळे त्यांना भुरीसर म्हणतात, आणि ते ओ देतात.

सर रस्त्याने चालत नाहीत, कुंपणाकुंपणाने सरकतात. गळ्यात काळ्या दोऱ्यात दहापट मोठं दाखवणारं भिंग. लांबून बघणाऱ्याला तो ताईत वाटतो. खांद्याच्या पिशवीत जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या, कागदी पाकिटं, चिकटपट्टीचं रीळ आणि शिसपेन्सिल. शाईने लिहिलेलं दवात फिसकटतं म्हणून पेन नाही. पान दिसलं की आधी उलटं करायचं, हा सरांचा पहिला नियम, कारण तुतीवरची भुरी पानाच्या खालच्या अंगाला असते आणि वरून बघणाऱ्याला जन्मभर दिसत नाही. मग अंगठा. पांढरं अंगठ्याला लागलं आणि खाली पान हिरवं निघालं, तर आशा आहे. खरखरीत लागलं तर तो कंपाउंडला दिलेला चुना. चिकट लागलं तर पिठ्या ढेकूण. मग सर अंगठा पँटला पुसून पुढच्या कुंपणाकडे वळतात.

अंगठ्याच्या परीक्षेत पास झालेल्या पानाला भिंग मिळतं. भिंग डोळ्याला चिकटवायचं, पान हळूहळू वर आणायचं, उन्हाकडे जरा तिरकं धरायचं आणि श्वास रोखायचा, कारण नुसत्या उच्छ्वासानेही बीजाणू उडून जातात. एवढं झालं की सरांचा चेहरा पालटतो. त्या पांढऱ्या जाळ्यात बारीक बारीक दांड्या सरळ उभ्या असतात आणि दांडीच्या टोकाला बीजाणू. काही जातींत एकावर एक रचलेले, साखळीने. काहींत एका वेळी एकच. साखळी की एकटा, यावर बुरशीचं कूळ ठरतं आणि सरांचा पुढचा दिवस कसा जाणार तेही. एकदा पहाटे साडेसहाला कोपऱ्यावरच्या बंगल्याच्या झिनियापाशी त्यांना फार लांब आणि फार सुरेख नमुना सापडला, तेव्हा ते भान हरपून ओरडले, "साखळी! साखळी!" त्या महिन्यात आमच्या भागात मंगळसूत्र हिसकावण्याचे प्रकार चालू होते. फिरायला निघालेल्या बायका गळे धरून मागे पळाल्या, वॉचमन काठी घेऊन पुढे पळाला, आणि सर त्याच्या हातात भिंग देत म्हणाले, "तूही बघून घे. अशी रोज मिळत नाही."

तुळशीचं लग्न लागलं की सरांचे दोन हंगाम एकदम सुरू होतात, लग्नांचा आणि भुरीचा. थंड रात्री, कोरडे दिवस, मधूनच ढगाळ हवा, हे भुरीला मानवतं. झोडपणारा पाऊस तिला धुऊन काढतो. इतर बहुतेक बुरशांना रुजायला पानावर पाण्याचा थेंब लागतो. भुरीचा बीजाणू अंगातल्या पाण्यावरच रुजतो, त्याला दव पुरतं आणि दव नसलं तरी चालतं. सर हे सांगताना त्यांचा स्वर मुलाचे मार्क सांगणाऱ्या बापाचा होतो. पावसाळ्यात मात्र ते घरात असतात, आणि कॉलनीत त्या चार महिन्यांत सगळ्यात जास्त सहानुभूती सरांच्या बायकोला, म्हणजे काकूंना मिळते.

लग्नाचं आमंत्रण आलं की सर आधी कार्यालयाचा पत्ता वाचतात. हॉटेलातलं लग्न म्हटलं की त्यांचं डोकं दुखतं. जुनं मंगल कार्यालय, मागे मोकळी जागा, जागेत उकिरडा आणि उकिरड्यावर आपोआप उगवलेला भोपळ्याचा वेल, असं असेल तर ते सहकुटुंब, वेळेआधी हजर. अशाच एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना सर मागे गेले आणि "शुभमंगल"ला परत आले ते एका हातात अक्षता आणि दुसऱ्या हातात पान घेऊन. पान त्यांनी रीतसर पाकिटात घातलं, वर पेन्सिलीने नोंद केली आणि पाकीट खिशात ठेवलं. त्याच खिशात आहेराचं पाकीट होतं. पुढचं सांगायला नको. रात्री वराकडची मंडळी आहेर लिहायला बसली. एकजण पाकिटं फोडतोय, एकजण वहीत उतरवतोय, आणि मध्येच एकाने मोठ्याने वाचलं, "यजमान : तांबडा भोपळा. ठिकाण : कार्यालयामागील उकिरडा. लक्षणे : सर्वांगावर पांढरे डाग, पुढे पिवळेपणा, अखेर वाळणे. तीव्रता : अधिक." वरपिते अंगाने जरा भरलेले होते. ते काही बोलले नाहीत, पण त्या घराण्याशी कॉलनीचे संबंध अजून पूर्ववत झालेले नाहीत. पाचशे एक रुपयांचं काय झालं? नमुन्याची पाकिटं विनाकारण उघडायची नाहीत, बीजाणू सांडतात, असा नियम असल्यामुळे ते बहुधा अजून काकडीवर्गीयांच्या खोक्यात आहेत.

सरांना शत्रू एकच, आणि तो जपानी. त्याचं नाव अमानो. कॉलनीत बरेच दिवस समज होता की हा अमानो म्हणजे सरांची बढती खाल्लेला कुणी सहकारी, कारण सर संध्याकाळी पडेल चेहऱ्याने फाटकातून आत शिरताना पुटपुटायचे, "अमानोने आधीच घेतलंय." प्रकार असा आहे. भुरी जगात कोणकोणत्या झाडांवर आणि कोणकोणत्या देशांत आढळते याची यादी एका जपानी शास्त्रज्ञाने आयुष्यभर बसून केली. १९६६ साली ती पहिल्यांदा पुस्तकरूपात आली तेव्हा त्याचं आडनाव हिराता होतं. १९८६ साली तोक्योहून वाढवलेली आवृत्ती निघाली तोवर तो अमानो झाला होता. यादीत सुमारे दहा हजार जातींच्या वनस्पती आहेत. सगळ्या फुलं येणाऱ्या, बहुतेक द्विदल. गवतं, कंद वगैरे एकदल मिळून सातशेच्या आत. सरांकडे या पुस्तकाची झेरॉक्स आहे, खाकी कागदात बांधलेली. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर असते, पण सर तिच्याकडे बघतात ते भक्तिभावाने नव्हे.

कारण सरांची इच्छा एवढीच आहे, की ज्यावर आजवर कुणालाच भुरी सापडली नाही असं एक झाड आपल्याला सापडावं. नवी बुरशीही नको. जुनीच बुरशी, फक्त घर नवं. या शास्त्रात त्याची दोन ओळींची नोंद छापतात: अमुक बुरशी, तमुक झाड, प्रथमच. त्या दोन ओळींसाठी सर एसटी स्टँडची मागची भिंत, कोर्टाचं आवार, रेल्वेची साइडिंग, जिथे पोलीस आणि कुत्री दोन्ही असतात अशा जागा पालथ्या घालतात. भिंतीच्या भेगेतल्या नायटीवर भुरी मिळाली. घरी येऊन पुस्तक काढलं, नायटी होती. शंकेश्वराच्या झुडपावर मिळाली. काटेरी फळं बाह्यांना चिकटवून घेऊन आले, तर तिथे शंकेश्वर नुसता होता असं नाही, भोपळ्याकाकडीवरच्या त्या प्रसिद्ध बुरशीचं लॅटिन नावच शंकेश्वरावरून पडलेलं. शेवगा होता. पपई होती. बोर होतं. काकू म्हणतात, "ह्या अमानोला बायकामुलं नव्हती का हो?"

बोलायला बसवलं तर सर भुरीच्या खाण्यापिण्याच्या सवयींवर तासभर बोलू शकतात, आणि खरं सांगायचं तर तो तास वाया जात नाही. गव्हावरची भुरी, ते सांगतात, कडक सोवळ्यातली. गव्हाच्या पंक्तीत जेवणार. शेजारी बार्लीचं पान वाढलं तरी शिवणार नाही. बार्लीवरची वेगळी, तिचंही सोवळं तेवढंच. हे सोवळं चालीरीतींचं नाही, रेणूंचं आहे. भुरीला जिवंत पेशीतच नळी घालून अन्न ओढायचं असतं. पेशीने तिला ओळखलं तर ती पेशी स्वतः मरून जाते आणि भुरी उपाशी पडते. म्हणून आपण आल्याचं कळू न देता शिरण्याची युक्ती ज्या झाडापुरती जमली, त्या झाडापुरतंच तिचं राज्य. उलट मिरचीवर येते ती लेव्हिलुला टॉरिका. तिला कांद्यापासून कापसापर्यंत काही वर्ज्य नाही. हजाराहून अधिक जातींच्या झाडांवर तिची नोंद आहे. तिची राहणीही निराळी. बाकीच्या बहुतेक भुऱ्या पानाच्या वरच मुक्काम करतात, ही पानाच्या रंध्रांतून थेट आत शिरते. वरून नुसते पिवळे डाग दिसतात आणि शेतकरी खताची कमतरता समजून युरिया टाकतो. ही एकच बुरशी नसून एकसारख्या दिसणाऱ्या बहिणींचा गोतावळा आहे, असं आता शास्त्रज्ञ म्हणू लागलेत, आणि इथे सर क्षणभर थांबून खाकी पुस्तकाकडे बघतात. म्हणजे अमानोचंही कुठेतरी चुकलेलं असणार.

शेतकऱ्यांचं आणि सरांचं मात्र जमत नाही. ऐन हंगामात पिंपळगावकडचा एक बागायतदार आला होता. ढगाळ हवेचे चार दिवस झालेले, माल एक्स्पोर्टचा, डोळे जागरणाने लाल.

"सर, मण्यांवर भुरी दिसायला लागलीय. काय मारू?"

"मारायची घाई कशाला? बसा. चहा घ्या."

मग सरांनी १८४५ पासून सुरुवात केली. इंग्लंडात मार्गेट म्हणून गाव. तिथे टकर नावाच्या माळ्याला काचघरातल्या द्राक्षवेलींवर ही पांढरी बुरशी दिसली. युरोपात ती तोवर कुणी पाहिली नव्हती, ती आली होती अमेरिकेतून. बर्कली नावाचे पाद्री बुरशांचे मोठे जाणकार; त्यांनी तिला टकरचंच नाव दिलं, ओइडियम टकेराय. पुढच्या दहा वर्षांत ती फ्रान्सभर पसरली आणि तिथल्या वाइनचं उत्पादन कोसळलं. बागायतदाराचा चहा गार झाला होता.

"मग त्या टकरनं काय मारलं?"

"गंधक आणि चुना."

"म्हंजे गंधकच की! किती?"

सरांना प्रमाण सांगता येत नव्हतं असं नाही. पण पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासातून माणसाने एवढंच उचलावं याचं त्यांना वाईट वाटलं. म्हणून त्यांनी शेवटचा पत्ता टाकला. भुरीला खाणारीही एक बुरशी असते, अँपेलोमायसिस. भुरीच्या तंतूंच्या आत शिरून तिला आतून पोखरते. केवढी गंमत! बागायतदार उठता उठता म्हणाला, "ती आमच्या दुकानात मिळती, सर. बाटलीत." दारात चपला घालताना त्याने स्वतःहून आणखी सांगितलं, की गंधक उन्हाच्या तापात मारायचं नाही, पान भाजतं, सकाळी मारायचं. सरांनी ते डायरीत लिहून घेतलं. या जातीच्या माणसांचा हा गुण मात्र मानला पाहिजे. ते कुणाकडूनही शिकतात.

खरी अडचण घरात आहे. भुरी बाटलीत, बशीत, खिरीत, कशातच वाढवता येत नाही. तिला जिवंत झाडच लागतं. झाड मेलं की तीही मेली. त्यामुळे ज्याला भुरी अभ्यासायची त्याला आजारी झाडं सांभाळावी लागतात, आणि ती मरूही द्यायची नाहीत, बरीही होऊ द्यायची नाहीत. सरांच्या गच्चीची पश्चिम बाजू म्हणजे असा कायमस्वरूपी दवाखाना आहे. वाटाणा, काकडी, मेथी, गुलाब, सगळे पांढरे आणि सगळे कसेबसे जिवंत. पूर्व बाजूला काकूंचे दोडके आणि दुधी. मध्ये विटांची रांग. वाऱ्याला विटा कळत नाहीत. दोडक्यावर पहिला पांढरा ठिपका दिसला त्या दिवशी काकूंनी फवारणीचा पंप काढला आणि आंबट ताक पाण्यात कालवून सगळ्या गच्चीवर मारलं, पश्चिमेसकट. आठवड्याभरात सरांचे नमुने हिरवे व्हायला लागले. सर हादरले. ताकाने भुरी जात नाही हे सिद्ध करायला त्यांनी कागदपत्रं उपसली, आणि त्यातून निघालं ते १९९९ सालचं ब्राझीलमधल्या एका संशोधकाचं काम: काचघरातल्या झुकिनीवर गाईचं दूध पाण्यात मिसळून आठवड्यातून दोनदा फवारलं, तर भुरी रासायनिक औषधाइतकीच आटोक्यात राहिली. कागद टेबलावर तसाच राहिला आणि काकूंनी वाचला. तेव्हापासून भाजीवाल्यांशी, मोलकरणीशी, कुणाशीही बोलताना काकू म्हणतात, "ब्राझीलमध्येसुद्धा हेच करतात."

गच्चीवर आणखी एक पाहुणा येतो. पिवळाधमक, नखाएवढाही नाही असा ढालकिडा. बाकीचे बरेच ढालकिडे मावा खातात; हा, इलिस नावाचा, पानावरची भुरी चरत फिरतो. काकू त्याला साखर घालायला निघाल्या होत्या. सर त्याला घुसखोर म्हणतात, पण मारत नाहीत. संध्याकाळी खुर्ची टाकून तो दिवसभरात किती खाऊन गेला ते बघत बसतात.

आपल्या उष्ण भागातल्या भुरीचं एक दुःख सरांनी स्वतःचं करून घेतलंय. थंड देशांत हिवाळा जवळ आला की भुरीची नर-मादी रूपं एकत्र येतात आणि पांढऱ्या जाळ्यावर काळ्या गोळ्या धरतात. गोळीला फुटणाऱ्या तंतूंच्या आकारावरून बुरशीची जात पटकन ओळखता येते. आपल्याकडे बहुतेक भुऱ्या ती तसदीच घेत नाहीत. बारा महिने कुठे ना कुठे कोवळं पान मिळतं, मग संसार कशाला थाटायचा? सगळं आयुष्य पांढऱ्या पिठीतच काढतात, आणि ओळखणाऱ्याची पंचाईत होते. म्हणून जुन्या लोकांनी सोपं केलं, ज्या झाडावर सापडली त्या झाडाचं नाव लावून टाकलं: पपईवरची अमुक, बोरावरची तमुक. एका परीने भाडेकरूला घरमालकाच्या नावाने हाक मारणं झालं.

याला अपवाद शिसूच्या झाडावरची फिलॅक्टिनिया. कॉलेज रोडला शिसूचं एक जुनं झाड आहे. थंडी सरताना त्याच्या पानांच्या खालच्या अंगाला आधी पिवळे, मग नारिंगी, मग काळे असे कण दिसायला लागतात. सर आसपासच्या पोरांना गोळा करतात आणि एकेकाला भिंग देतात. नीट बघितलं तर प्रत्येक काळ्या गोळीभोवती काचेच्या सुया फुटलेल्या असतात, आणि सुईच्या बुडाशी फुगीर गाठ. हवा कोरडी झाली की त्या गाठी वाकतात, सुया पानावर टेकतात आणि गोळी पायांवर उभं राहावं तशी पानावरून उचलली जाते. मग वारा आला की सुटली. पोरं म्हणतात, "सर, हे स्पेसशिप आहे." सर म्हणतात, "तुमच्या आधीपासून आहे." तो एक तास बघितला, की माणूस गावभर पानं उलटी करत का हिंडतो हा प्रश्न पडत नाही. निदान मला पडला नाही.

सरांच्या संग्रहावर वीज पडली ती डीएनएची. आंबा, काजू आणि रबर, या तीन झाडांच्या भुरीची तीन मोठी खोकी त्यांच्याकडे आहेत. आंब्याची कोकणातून, मोहोरावरची. तिने मोहोर पांढरा पडतो, फळ धरत नाही आणि रत्नागिरीपासून देवगडपर्यंत लोकांची झोप उडते. काजूची गोव्यातून. रबराची केरळातून, एका जावयाकरवी. तीन झाडं, तीन लॅटिन नावं, तीन इतिहास. सरांना त्या इतिहासातली खोच फार आवडायची: आंबा आपल्या बाजूचा, पण त्याच्या भुरीला नाव मिळालं १९१४ साली ब्राझीलमध्ये, रबर ब्राझीलचं, पण त्याच्यावरची भुरी पहिल्यांदा नोंदली गेली १९१८ साली जावात. २००६ च्या सुमारास जपान आणि थायलंडमधल्या संशोधकांनी रबर, आंबा, काजू, शेंद्री अशा उष्ण प्रदेशातल्या झाडांवरच्या भुऱ्यांचे डीएनएचे तुकडे तपासले. सगळ्या एकमेकींच्या सख्ख्या नातलग निघाल्या, काही तर अक्षरशः एकच, आणि ते नातं जाऊन भिडलं कुणाला, तर थंड प्रदेशातल्या ओकवरच्या भुरीला. ओकवरून ती केव्हातरी उष्ण कटिबंधातल्या झाडांवर उडी मारून आली असावी, असा त्यांचा तर्क. पुढे २०११ साली मेलबर्नच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ठरलं, की एका बुरशीला एकच नाव. म्हणजे तीन खोक्यांचं एक खोकं.

सर कितीतरी दिवस त्या खोक्यांकडे फिरकले नाहीत. मग अचानक उजळले. युरोपात १९०७ च्या आसपास फ्रान्समध्ये ओकच्या झाडांवर एकाएकी भुरी आली आणि पाहता पाहता खंडभर पसरली. आली कुठून हे कोडंच होतं. २००८ साली फ्रेंच संशोधकांनी दाखवलं, की तिचं नातं आंब्यावरच्या भुरीशी जुळतं. "म्हणजे काय झालं?" सर वर्तमानपत्र टाकणाऱ्या पोरालाही थांबवून विचारायचे. "आंब्याने युरोपचे ओक पांढरे केले!" पुरावा एवढंच सांगतो की बुरशी एकच किंवा अगदी जवळची आहे, ती कुठून कुठे गेली हे सर त्या त्या दिवशीच्या राष्ट्राभिमानाप्रमाणे ठरवतात. पण ओक कधी पाहिलेला नव्हता, ही बोच होती. काकूंनी ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीत केदारनाथचं बुकिंग केलं, तेव्हा सर एका पायावर तयार झाले. हिमालयात बांज म्हणतात तो ओकच. परत आल्यावर आम्ही विचारलं, दर्शन कसं झालं? सर म्हणाले, "नाही झालं. पानं सगळी जून, चामड्यासारखी. तिला कोवळी लागतात." काकू म्हणाल्या, "मला छान झालं."

आणि ते नवं झाड? मध्यंतरी सापडलं. नदीकाठच्या एका अनोळखी झुडपावर. पुस्तकात नाही, नंतरच्या याद्यांत नाही. सरांनी नमुना दाबून, वाळवून, नाव घालून एका मोठ्या संस्थेतल्या जाणकारांकडे पाठवला. पुण्याच्या आघारकर संस्थेत अजरेकरांच्या नावाचा बुरशांचा संग्रह आहे. आपला एक कागद अशा ठिकाणी क्रमांक लागून पडून राहावा, यापलीकडे त्यांना काही नको होतं. यथावकाश उत्तर आलं. बुरशी सरांनी बरोबर ओळखली होती. झाड चुकलं होतं. ते झाड अमानोत होतं. पस्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे पचवायला जड गेलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा कुंपणापाशी होते, आणि आता फुलासकट फांदी घेतात, झाड ओळखायला चुकायला नको म्हणून. गुलाबवाल्यांच्या तक्रारी तेवढ्या वाढल्या आहेत.

अशी माणसं प्रत्येक गावात एखाद-दुसरीच असतात, आणि आपल्याकडे रानोमाळच्या बुरशांची जी काही माहिती जमा झाली आहे तिचा मोठा भाग असल्याच नादिष्टांनी पिशव्यांतून वाहून आणलेला आहे. तेव्हा वाचकांना एक विनंती. तुमच्या फाटकाशी कुणी भिंगवाले गृहस्थ वाकलेले दिसले तर हाकलू नका. फुलाची एक डहाळी तोडू द्या, पाकिटावर जागा आणि तारीख लिहू द्या. आणि पान स्वतः काढून देणार असाल तर कृपा करून ते स्वच्छ पुसून, धुऊन देऊ नका.